नार्कोटिक, अफू, मॉर्फीन, गर्द: वेदना मारणाऱ्या आणि व्यसन लावणाऱ्या औषधांच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न मला देवाधर्माच्या किंवा शिव्यांच्या शब्दांवर येतील असं वाटलं होतं. येतात ते 'नार्कोटिक'वर. कुणी बातमी वाचून विचारतं, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून, तर कुणी दुबईला निघता निघता. तेच तेच प्रश्न पुन्हा येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे पान शब्दांचं आहे. औषध किती आणि कधी घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. नार्कोटिक म्हणजे नेमकं काय?

कोण बोलतंय त्यावर अवलंबून आहे. डॉक्टर हा शब्द वापरतात तेव्हा बहुतेक वेळा अफूपासून मिळणारी किंवा अफूसारखं काम करणारी औषधं त्यांच्या मनात असतात: मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल, पेथिडीन. ही औषधं तीव्र वेदना थांबवतात, गुंगी आणतात आणि जपून न वापरल्यास त्यांचं व्यसन लागू शकतं. वकील आणि पोलीस म्हणतात ते नार्कोटिक म्हणजे कायद्याच्या यादीत त्या नावाखाली असलेलं द्रव्य, मग ते गुंगी आणो वा न आणो. वर्तमानपत्रात तर पकडलं जाणारं सगळंच नार्कोटिक असतं. एका शब्दाला तीन मालक असल्यामुळे पुढचे निम्मे प्रश्न जन्माला आले आहेत.

२. हा शब्द आला कुठून?

ग्रीकमधून. तिथे 'नार्के' म्हणजे बधिरपणा. हात दबून मुंग्या येतात आणि मग तो आपला वाटेनासा होतो, ती अवस्था. त्यावरून बधिर करण्याचं क्रियापद झालं आणि बधिर करणारं ते 'नार्कोटिकोन'. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने एका कथाकाव्यात कैद्याकडून पहारेकऱ्याला पेय पाजलं आहे. त्यात नार्कोटिक द्रव्यं आहेत आणि इजिप्तमधल्या थीब्जची उत्तम अफूही आहे. पहारेकरी ढाराढूर झोपतो, कैदी पसार. म्हणजे इंग्रजीत हा शब्द आला तो अफूचा हात धरूनच.

मला स्वतःला यातला मासा सगळ्यात आवडतो. ग्रीक लोक 'नार्के' हेच नाव एका चपट्या माशालाही द्यायचे. पाकटाच्या जातकुळीतला, अंगात वीज असलेला हा मासा पाण्यात चुकून पायाखाली आला की पाय बधिर होतो. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मेनो वैतागून सॉक्रेटिसला म्हणतो की तू अगदी त्या माशासारखा आहेस, तुझ्याशी बोललं की माझं तोंड आणि मन दोन्ही सुन्न होतं. गंमत पुढेच आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस हा जुनाट डोकेदुखीवर आणि पायाच्या वातविकारावर जिवंत वीजमासा दुखऱ्या जागी लावायला सांगायचा. दुखरी जागा बधिर होईपर्यंत तो तसाच ठेवायचा. वेदना मारणारं पहिलं 'नार्के' बाटलीतलं नव्हतं, माशाच्या अंगातलं होतं.

रोमन लोकांनी याच माशाला लॅटिनमध्ये 'टॉर्पेडो' म्हटलं, अर्थ तोच, सुन्न करणारा. पाणबुडीतून सुटणाऱ्या अस्त्राला ते नाव फार नंतर मिळालं.

३. नार्कोटिकचा 'नरक'शी संबंध आहे का? व्यसनमुक्तीच्या भाषणात तसं ऐकलं.

नाही. भाषणात टाळी मिळते, पण 'नरक' संस्कृत आणि 'नार्के' ग्रीक. दोघांचा आवाज जुळतो, गोत्र जुळत नाही. निकोटीनचाही संबंध नाही, ते सोळाव्या शतकातल्या जाँ निको या फ्रेंच माणसाच्या नावावरून आलं. हा गृहस्थ पोर्तुगालमध्ये फ्रान्सचा राजदूत होता आणि तिथून त्याने तंबाखू मायदेशी पाठवली होती. नार्सिसस म्हणजे नर्गिसचं फूल मात्र थोडं अडचणीचं आहे. त्याच्या वासाने डोकं जड होतं म्हणून ते 'नार्के'वरून आलं, असं जुने ग्रीक लेखकच सांगत. आजचे भाषाभ्यासक ते नाव ग्रीकच्याही आधीच्या एखाद्या भाषेतलं मानतात.

४. मराठीत नार्कोटिकला नेमका शब्द कोणता? अमली, मादक, गुंगीकारक?

कायद्याच्या मराठीत 'गुंगीकारक'. १९८५च्या कायद्याचं मराठी नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असं लांबलचक आहे. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ते कुणीतरी घाम गाळून टाइप केलेलं असतं, मग बातमीत इंग्रजी आद्याक्षरांचं 'एनडीपीएस' एवढंच उरतं. हिंदीत त्याच कायद्यात 'स्वापक' हा शब्द आहे, म्हणजे झोप आणणारं. मला मराठी जास्त नेमकी वाटते. ग्रीक 'नार्के' म्हणजे झोप नव्हे, बधिरपणा, आणि 'गुंगी' त्याच्या जास्त जवळ जाते. गुंगीतला माणूस जागा असू शकतो.

'मादक' हा 'मद'वरून आलेला. त्यात उन्माद आहे, चढणं आहे. म्हणून तो दारूला शोभतो आणि डोळ्यांनाही. 'मादक डोळे' म्हणता येतं, 'गुंगीकारक डोळे' म्हटलं तर लग्न मोडेल.

'अमली' हा बातम्यांचा लाडका शब्द, आणि रोजच्या वापरात तोच ठेवावा असं माझं मत आहे, कारण त्याची व्याप्ती सैल आहे. गुंगी आणणारं, तरतरी आणणारं, भास घडवणारं, सगळं त्यात मावतं. तो कुठून आला ते पुढच्या उत्तरात.

५. 'अमली' की 'अंमली'? आणि याचा 'अंमलबजावणी'शी काही संबंध?

छापील मजकुरात 'अमली' जास्त दिसतं, बोलण्यात अनुस्वार हटकून येतो. दोन्ही समजतात.

संबंध आहे, तो सख्खा. अरबी 'अमल' म्हणजे कृती, काम. कृतीवरून सत्ता चालवणं आलं: पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, कायद्याची अंमलबजावणी. आणि कृतीवरूनच परिणाम आला: दारूचा अंमल चढला, भांगेचा अंमल उतरला. म्हणजे मराठीत नशा ही अंगावर चालणारी सत्ता आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी, या वाक्यात एकच शब्द दोन्ही बाजूंनी भांडतो.

६. 'अफू' शब्द संस्कृत आहे ना? अहिफेन म्हणजे सापाचा फेस असं शाळेत शिकलो.

'अहिफेन' संस्कृत दिसतो खरा, पण ते पाहुण्याला नेसवलेलं सोवळं आहे. मूळ परत ग्रीकच. 'ओपोस' म्हणजे झाडाचा चीक, त्याचं लाडकं लघुरूप 'ओपिऑन', थोडासा चीक. लॅटिनमध्ये ते 'ओपियम' झालं, अरबीत 'अफ्यून', कारण अरबीत 'प' नाही. तुर्कस्तानात तर अफ्योनकाराहिसार नावाचं अख्खं शहर आहे, अफूचा काळा किल्ला. अरब आणि इराणी व्यापाऱ्यांबरोबर हे नाव आपल्याकडे आलं आणि हिंदीत अफीम, गुजरातीत अफीण, मराठीत अफू झालं. वैद्यांनी त्याला संस्कृत रूप देताना 'अहि' आणि 'फेन' असे ओळखीचे तुकडे पाडले. विषारी वस्तूला सापाचं नाव चपखल बसलं.

पुरावा साधा आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत अफू औषध म्हणून येत नाही. ती मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहितेत दिसते, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'आफूक' आणि 'अहिफेन' ही दोन्ही नावं भेटतात. आफूक हा आलेला शब्द, अहिफेन हा सजवलेला.

खसखशीच्या झाडाला मात्र ग्रीकमध्ये 'मेकोन' म्हणत. बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टर ज्याला 'मेकोनियम' म्हणतात, नवजात बाळाची ती पहिली काळपट चिकट शी, तिचं नाव याच मेकोनवरून, कारण ती आटवलेल्या अफूसारखी दिसते. हे सांगितल्यावर एका बाळंतिणीने मला परत फोन केला नाही.

७. खसखस आणि अफू एकाच झाडाची? मग खसखस खाऊन नशा का होत नाही?

झाड एकच. हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरतो आणि वाळून तपकिरी होतो तो चीक म्हणजे अफू. बोंड वाळल्यावर आतून निघतं ते बी म्हणजे खसखस. बियांत स्वतःचं मॉर्फीन जवळजवळ नसतं, वरून चिकाचा अंश चिकटलेला असू शकतो. खसखशीची खीर खाऊन जी झोप येते तिचं श्रेय दुधातुपालाही द्या. वाळलेल्या बोंडाच्या टरफलाला 'पोस्त' म्हणतात, फारसीत त्याचा अर्थ साल किंवा कातडी. कायद्याच्या व्याख्येत बी वगळून बाकी सगळं झाड येतं, म्हणून वाण्याकडे खसखस मिळते आणि पोस्त बाळगणं गुन्हा ठरतो.

भारतात अफूची शेती फक्त केंद्राच्या परवान्याने होते, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. मंदसौर, नीमच, चित्तोडगड ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. महाराष्ट्रात परवाने नाहीत. गाझीपूरचा सरकारी अफू कारखाना १८२० पासून चालू आहे. खसखस घेऊन परदेशी जाण्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

८. मॉर्फीनचं नाव निद्रादेवतेवरून ठेवलं का?

जवळपास, पण देवता झोपेची नाही, स्वप्नांची. जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावी फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा एक तरुण औषधविक्रेत्याच्या हाताखाली काम करत होता. १८०५च्या आसपास त्याने अफूतलं गुण दाखवणारं द्रव्य वेगळं काढलं. वनस्पतीतून असं शुद्ध द्रव्य हाती येणं त्या काळी नवलाचं होतं, आणि सुरुवातीला कुणी लक्षही दिलं नाही. मग त्याने स्वतःवर आणि तीन तरुण मुलांवर प्रयोग केला. ठरावीक अंतराने डोस वाढवत नेला आणि शेवटी सगळ्यांना व्हिनेगर पाजून उलट्या करायला लावायची वेळ आली. १८१७ साली त्याने हे सगळं छापलं आणि द्रव्याला 'मॉर्फियम' म्हटलं. 'मॉर्फीन' हे रूप फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाकने रूढ केलं.

मॉर्फियस हा रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातला निद्रेचा मुलगा. स्वप्नात तो माणसांची रूपं घेऊन येतो, म्हणून त्याचं नाव 'मॉर्फे' म्हणजे रूप या शब्दावरून. बातमीत 'फोटो मॉर्फ करून बदनामी' असं वाचता तो मॉर्फही याच घराण्यातला.

कोडीनचं नाव साधं आहे: ग्रीक 'कोडेया' म्हणजे खसखशीचं बोंड. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८३२ साली वेगळं केलं.

९. हेरॉइन आणि सिनेमातली हिरॉइन, शब्द एकच?

आजोळ एकच. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक 'हेरोस' म्हणजे वीर. सिनेमातली नायिका त्याचं स्त्रीरूप. औषधाचं नाव बायर या जर्मन कंपनीने ठेवलेलं व्यापारी नाव आहे, जर्मन 'हेरोइश' म्हणजे वीरासारखं, जबरदस्त, यावरून. मॉर्फीनपासून हे द्रव्य पहिल्यांदा १८७४ मध्ये लंडनमध्ये अ‍ॅल्डर राइट यांनी बनवलं. बायरच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमान यांनी ते १८९७ मध्ये पुन्हा तयार केलं, त्याच महिन्यात ज्यात त्यांनी अ‍ॅस्पिरिनही केलं. १८९८ पासून कंपनीने हेरॉइन विकलं ते खोकल्याचं औषध म्हणून. त्या काळी क्षय आणि न्यूमोनियाने माणसं खोकून खोकून मरत, त्यामुळे खोकला थांबवणारं औषध खरोखरच वीर वाटलं असणार.

१०. मग 'गर्द' म्हणजे काय? ब्राउन शुगर वेगळी का?

दोन्ही हेरॉइनचीच, भेसळीची, तपकिरी भुकटी. 'गर्द' फारसीत धूळ. मुंबई-पुण्यात हा शब्द १९८०च्या दशकात घराघरांत पोहोचला, तो व्यसनाची लाट आली म्हणून. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तो हाच काळ. मराठीने लगेच 'गर्दुल्ला' घडवला. शब्द घडवण्याचा हा झपाटा दाद देण्यासारखा, पण तो शब्द मला वापरवत नाही. त्यात रुग्ण दिसत नाही, नुसती रेल्वेस्थानकाबाहेरची घाण दिसते.

११. ओपिएट आणि ओपिऑइड यांत फरक काय?

ओपिएट म्हणजे अफूतून निघालेलं: मॉर्फीन, कोडीन. ओपिऑइड म्हणजे 'अफूसारखं', आणि हा मोठा डबा आहे. त्यात ओपिएटही येतात, आणि प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवलेली फेंटानिल, पेथिडीन, मेथाडोनसारखी औषधंही. 'ओपिऑइड' हा शब्द तरुण आहे, १९५०च्या दशकातला. डॉक्टरी लिखाणात आता 'नार्कोटिक' मागे पडत चालला आहे आणि त्याची जागा हाच घेतो आहे. ते चांगलंच आहे, कारण तो निदान औषध कसं काम करतं ते सांगतो, पोलिसांची आठवण करून देत नाही.

काम कसं करतं तर मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यासाठी कुलपं आहेत, ही औषधं किल्ल्या. ती कुलपं १९७३ मध्ये दाखवून दिली गेली. मग प्रश्न पडला की खसखशीच्या चिकासाठी माणसाच्या शरीराने कुलूप कशाला करून ठेवलं? उत्तर १९७५ मध्ये मिळू लागलं: शरीर स्वतःच्या किल्ल्या बनवतं. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात, 'आतलं मॉर्फीन' याचा संक्षेप. म्हणजे आपल्या आतल्या रसायनाला आपण बाहेरच्या औषधाचं नाव दिलं. घरच्या माणसाची ओळख शेजाऱ्याच्या नावावरून करून द्यावी, तसं.

१२. कोकेन, गांजा, भांग, एमडी ही नार्कोटिक आहेत का?

इथे प्रश्न १मधले तीन मालक खरोखर भांडतात.

कोकेन: औषधशास्त्रात नाही, ते उत्तेजक आहे, झोप उडवतं. कायद्यात मात्र आहे, भारतातही आणि बाहेरही. अमेरिकेच्या १९१४च्या हॅरिसन कायद्याने अफू आणि कोकाची पानं एकाच दावणीला बांधली, १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानेही ती तशीच ठेवली. पण व्युत्पत्ती लावली तर? कोकेन मेंदूला चेतवतं, पण लावलेली जागा ठार बधिर करतं. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी त्याचे थेंब वापरून डोळ्याची शस्त्रक्रिया बिनवेदनेची करता येते हे दाखवलं. तेव्हा शब्दाच्या जन्मार्थाने कोकेन नार्कोटिक ठरतं. कायदा चुकून बरोबर आहे म्हणायचा.

गांजा आणि चरस: औषधशास्त्रात नाहीत, भारतीय कायद्यात आहेत.

भांग: कायदा गांजाची व्याख्या करताना फुलोरा धरतो, आणि फुलोऱ्याशिवायची नुसती पानं वगळतो. भांग पानांची, म्हणून १९८५च्या कायद्यातून ती निसटते. पण महाराष्ट्रात ती मोकळी आहे असा अर्थ काढून होळीला पातेलं चढवू नका, इथे राज्याचा दारूबंदी कायदा आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन: उत्तेजक. कायद्यातही ते 'गुंगीकारक' नव्हे, दुसऱ्या यादीत आहे, मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या. बातमीत 'अमली' म्हटलं की बरोबर, 'गुंगीकारक' म्हटलं की चूक.

१३. ट्रामाडॉल ओपिऑइड आहे म्हणता, मग ते कायद्यात नार्कोटिक नाही असं मेडिकलवाले का सांगतात?

दोघंही खरं बोलताहेत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक औषध अफूच्या घराण्याच्या रीतीनेच काम करतं. पण २०१८ मध्ये केंद्राने ते कायद्याखाली आणलं तेव्हा प्रश्न १२मधल्या मेफेड्रोनच्याच यादीत घातलं. ब्युप्रेनॉर्फिन या आणखी एका ओपिऑइडचंही तसंच. परिणाम विचित्र आहे: कोकेन गुंगी न आणताही 'गुंगीकारक' आणि ट्रामाडॉल गुंगी आणूनही नाही. याद्या आंतरराष्ट्रीय करारांच्या वाटेने आल्या आहेत, शब्दकोशाच्या नव्हे. चिठ्ठीशिवाय दोन्ही याद्यांतलं काहीच मिळत नाही, एवढं गिऱ्हाइकाने लक्षात ठेवलं तरी पुरे.

१४. नार्को टेस्टमध्ये नार्कोटिक देतात का?

डॉक्टरी अर्थाने नाही. त्यात सोडियम पेंटोथाल वापरतात, ते बार्बिट्युरेट म्हणजे झोप आणणाऱ्या औषधांच्या एका वेगळ्या वर्गातलं आहे, अफूच्या घराण्याशी संबंध नाही. इथला 'नार्को' जुन्या अर्थाचा, गुंगीचा. त्या गुंगीत माणूस खरंच बोलतो असं मात्र नाही, तो मनातलंही बोलतो आणि सुचवलेलंही. संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं. तरी प्रत्येक गाजलेल्या खुनानंतर 'नार्को करा' अशी मागणी येतेच.

१५. ऑपरेशनला भूल देतात ते नार्कोटिकच ना?

संपूर्ण भूल ही अनेक औषधांची मिळून असते. त्यात फेंटानिलसारखं एखादं ओपिऑइड बहुधा असतं, पण शुद्ध हरपते ती मुख्यतः दुसऱ्या औषधांनी. शब्दांची गल्लत मात्र जुनी आहे. जर्मनमध्ये संपूर्ण भुलीला आजही 'नार्कोझे' म्हणतात. खोल पाण्यात उतरलेल्या पाणबुड्या माणसाला नायट्रोजनमुळे जी झिंग येते तिला 'नायट्रोजन नार्कोसिस' म्हणतात, आणि त्यात औषध कुठलंच नसतं.

१६. बाबांना कॅन्सर आहे. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरचे म्हणतात व्यसन लागेल, देऊ नका. काय करू?

शब्दांच्या पानावर हा प्रश्न येऊ नये, पण सगळ्यात जास्त वेळा येतो तो हाच, आणि येतो तो शब्दामुळेच. चिठ्ठीवर 'मॉर्फीन' वाचलं की घरच्यांना गर्द आठवतो.

दोन गोष्टी वेगळ्या करा. काही आठवडे मॉर्फीन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, अचानक बंद केलं तर त्रास होतो. हे अवलंबित्व, आणि ते शरीराचं असतं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही ते मिळवण्यासाठी जीव टाकणं. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फीन घेणाऱ्या माणसाला पहिलं होणं अपेक्षितच असतं, दुसरं क्वचित. आणि मॉर्फीन लिहिलं म्हणजे 'आता शेवट' असंही नाही. ते वेदना किती आहे यावर ठरतं, किती दिवस उरले यावर नाही.

लक्ष द्यायचं ते बद्धकोष्ठाकडे, कारण तो जवळपास हमखास होतो, म्हणून त्याचं औषध सोबत मागून घ्या. पहिले काही दिवस झापड येते. माणूस हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर लगेच दवाखाना गाठा. आपल्या मनाने गोळी वाढवू नका, अचानक बंदही करू नका, आणि डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मॉर्फीन मिळवताना हेलपाटे का पडतात, असंही लोक चिडून विचारतात. १९८५चा कायदा इतका कडक होता की दुकानं आणि रुग्णालयं मॉर्फीन ठेवायलाच घाबरू लागली. जगाला कायदेशीर अफू पुरवणाऱ्या या देशातले रुग्ण मॉर्फीनवाचून तळमळत होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 'अत्यावश्यक' औषधांचा वेगळा वर्ग केला गेला, आणि त्यात मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा नावं आली. कागदावर वाट मोकळी झाली. गावपातळीवर अजून शोधाशोध करावी लागते, तेव्हा ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांनाच विचारा की जवळ कुठे मिळेल.

ता. क. खोकल्याच्या औषधावरचे प्रश्नही याच भीतीतून येतात. कोडीन असलेलं सिरप व्यसन लावू शकतं, हे खरं. पण नॉस्कॅपीनही अफूतच सापडतं, खोकला थांबवतं, आणि गुंगी किंवा व्यसन त्याच्या अंगी नाही. त्याचं जुनं नाव काय होतं? नार्कोटीन. बिचाऱ्याला नाव बदलून घ्यावं लागलं.

१७. 'धर्म ही अफूची गोळी' यात गोळी कुठून आली?

आपल्या घरातून. मार्क्सने १८४४ मध्ये लिहिलं ते 'जनतेची अफू' एवढंच. गोळी मराठीने घातली, कारण मराठी माणसाला अफू गोळीच्या रूपात माहीत होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवत. पाळणाघर नाही, रजा नाही, कामाची पाळी चुकली तर पगार कापला जाणार, तिथे मूल दिवसभर शांत राहण्याचा तोच उपाय होता. कित्येक मुलं त्यातून उठली नाहीत.

हे लक्षात घेतलं की मार्क्सचं वाक्यही वेगळं ऐकू येतं. १८४४ मध्ये युरोपात अफू म्हणजे औषधवाल्याकडे मिळणारी वेदनेवरची दवा. त्याच परिच्छेदात तो धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा म्हणतो. आपण मात्र ते वाक्य फेकतो ते शिवीसारखं, कारण दरम्यान अफूचा अर्थ दवेवरून नशेकडे सरकला.

१८. दिवाळीचा फराळ घेऊन दुबईला मुलीकडे चाललो आहोत. अनारशांना खसखस आहे. चालेल का?

नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापुरातही. तिथला कायदा झाड बघतो, बी आणि चीक असा भेद करत नाही (आपला करतो, प्रश्न ७). सुटी खसखस नको, खसखस घातलेला मसालाही नको, आणि अनारसेही नकोत. अमेरिकेत खसखस दुकानात मिळते, तरी २०२३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना ती टाळायला सांगितलं, कारण बियांना चिकटलेल्या अंशामुळे लघवीच्या तपासणीत कोडीन दिसू शकतं. तुमच्या मुलीला अनारसेच हवे असतील तर पीठ न्या आणि तिथे तिळावर थापा. जाळी तितकीच छान पडते.